वाचकांचे प्रश्न : एम.ए. मानसशास्त्र आणि समुपदेशकाची वाट

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. वय ३८ आहे. मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशक व्हावे, असे मनापासून वाटते. बी.कॉम.नंतर प्रवेश मिळेल का? नोकरी सांभाळून, घरी बसून हा अभ्यासक्रम करता येईल का? आणि पदवी मिळाल्यावर मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या वयाची अडचण मुळीच नाही. उलट संसार आणि नोकरी यांचा अनुभव घेतलेली व्यक्ती या क्षेत्रात आली, तर मला त्याचा आनंदच वाटतो. शाखेबाबत मात्र सर्वत्र एकच नियम नाही. काही विद्यापीठे पदवीला मानसशास्त्र विषय असण्याची अट घालतात, तर काही कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश परीक्षेच्या गुणांवर घेतात. त्यामुळे ज्या विद्यापीठात शिकायचे आहे, त्याचे त्या वर्षीचे माहितीपत्रक आधी वाचावे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे असते. एक वर्षाच्या एम.ए.ची सवलत चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी आहे, ती आपल्याला लागू होणार नाही.

घरी बसून शिकण्याचा मार्ग आता बंद झाला आहे. ज्या विषयांचा समावेश २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात होतो, ते दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली असून त्यांत मानसशास्त्रही आहे. अनेक नोकरदारांची आणि गृहिणींची यामुळे गैरसोय झाली हे खरे. तरीही हा निर्णय मला योग्य वाटतो. बुद्धिमत्ता किंवा व्यक्तिमत्त्व चाचणी समोरच्या माणसावर कशी घ्यावी, तिचा अहवाल कसा लिहावा, रडणाऱ्या माणसासमोर किती बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, हे केवळ पुस्तके वाचून येत नाही. तेव्हा विभाग निवडताना फी आणि वसतिगृह यांच्याआधी विचारावे ते हे : प्रात्यक्षिके किती होतात, रुग्णालयात, शाळेत किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम करायला मिळते का, आणि त्या कामावर अनुभवी व्यक्तीची देखरेख असते का. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात आलेल्या अभ्यासक्रम आराखड्यात पदव्युत्तर स्तरावर संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कार्यानुभव आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. पण त्यांतील कार्यानुभव कागदावर पुरा होतो की खरोखर, हे तिथल्या विद्यार्थ्यांकडूनच कळते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, या नावासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतील चिकित्सा मानसशास्त्राची मान्यताप्राप्त पात्रता लागते. आजवर तिचा रूढ मार्ग होता एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., ज्यात रुग्णांसोबत देखरेखीखाली काम करावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली आणि या विषयापुरती प्रवेशाची मुदत २०२५-२६ सत्रापर्यंत वाढवली. म्हणून पुढे कोणता अभ्यासक्रम मान्य आहे, हे परिषदेच्या संकेतस्थळावरील संस्थांच्या यादीतच पाहावे, जाहिरातीत नव्हे. केवळ एम.ए.वर स्वतःला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेणारी मंडळी आपल्याला भेटतील. त्यांचे अनुकरण करू नये. त्यात फसवणूक होते ती मदत मागायला आलेल्या माणसाची.

आपल्याला समुपदेशनच करायचे असेल, तर समुपदेशन मानसशास्त्र हे विशेषीकरण असलेले एम.ए. निवडावे आणि पदवीनंतर काही काळ एखाद्या ज्येष्ठ समुपदेशकाच्या देखरेखीखाली काम करावे. औषधे देण्याचा अधिकार समुपदेशकाला नसतो, त्यामुळे कोणाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचे हे ओळखणे याच काळात शिकावे लागते.

राहिला नोकरीचा प्रश्न. नियमित एम.ए.ला तास, प्रात्यक्षिके आणि कार्यानुभव यांसाठी उपस्थिती लागते, आणि पूर्णवेळ नोकरीसोबत ते बहुधा जमत नाही. पतसंस्थेत बिनपगारी अभ्यासरजा मिळू शकते का, हे प्रवेश अर्ज भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.