क्रँक सेन्सर घरी बदलताना

भाऊ, गरम झाल्यावर गाडी बंद पडते, थंड झाली की सुरू होते आणि स्कॅनरवर पी०३३५ (क्रँक सेन्सरच्या, म्हणजे इंजिनाचा क्रँकशाफ्ट कसा फिरतोय ते सांगणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटमधल्या बिघाडाचा कोड) दिसतो, तर आधी कनेक्टर आणि वायर तपासा. तिथे काही नसेल तरच सेन्सर घ्या.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात काम पहाटेच करा; दुपारी उभी केलेली गाडी लवकर निवत नाही. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, कारण बऱ्याच गाड्यांत स्टार्टरची जाड तार जवळच असते. खाली शिरायचं तर जॅकवर भरवसा नको, स्टँड लावाच.

खरी अडचण कनेक्टरची. उष्णतेने त्याचं प्लास्टिक कडक होतं, ओढलं की लॉक तुटतं. लॉक बोटाने दाबून आधी कनेक्टर आत ढकला, मग काढा. सेन्सरचा बोल्ट बहुधा १० च्या गोटीचा (१० मिमी सॉकेटचा) असतो. गोटीत थोडं ग्रीस भरा, म्हणजे बोल्ट खाली पडत नाही. सेन्सर अडकला तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, टोक तुटून आत राहतं. गंज सोडवणारं तेल मारा, दहा मिनिटांनी डावी-उजवीकडे फिरवत काढा.

नव्याच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचा थेंब लावा. हाताने पूर्ण बसवा, बोल्टने ओढून नाही; बोल्टच्या भोकाचा सेन्सरचा कान तडकतो. शेवटी वायर जुन्याच क्लिपांत, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब.