मिक्सर जोडला की ॲव्हरेज पडतं. दावा कुणावर करायचा?

प्रश्न: मी निपाणी तालुक्यात स्लॅबची कामं घेतो. सहा महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या एका शोरूममधून ९ लाख ८० हजारांची नवी डिझेल पिकअप कर्जावर घेतली. मागं मिक्सर मशीन जोडून साइटवर न्यायचं आहे, हे घेतानाच सांगितलं होतं. सेल्समननं व्हॉट्सॲपवर लिहून दिलं, 'मिक्सर लावला तरी चौदाच्या खाली येणार नाही.' आता मिक्सर लावून आठ देते, रिकामी अकरा. शोरूमवाले म्हणतात कंपनीला विचारा, कंपनी म्हणते तुम्ही जड ओढता. बिलावर 'न्यायक्षेत्र फक्त कोल्हापूर' असं छापलंय. केस होईल का?

उत्तर: होईल. पण तुम्ही ज्या आकड्यावर चिडला आहात त्या आठासाठी कंपनीवर नाही.

कंपनीच्या माहितीपत्रकातलं मायलेज हे प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून, वेगाचा ठरलेला तक्ता पाळून काढलेलं असतं. त्या चाचणीत मागं मिक्सर नसतो आणि समोर तवंदीचा घाटही नसतो. मिक्सर लावून आठ मिळतात म्हणून कंपनीवर गेलात तर तिचा वकील पहिल्याच तारखेला एवढंच सांगेल आणि ग्राहक आयोगाला ते पटेल.

जरा लिटरमध्ये हिशेब मांडा. चौदाच्या ॲव्हरेजनं शंभर किलोमीटरला सव्वासात लिटरच्या आत डिझेल लागतं. तुमच्या रिकाम्या गाडीला सुमारे नऊ लागतं आणि मिक्सरसकट साडेबारा. म्हणजे जादा जळणाऱ्या साडेपाच लिटरांपैकी जवळजवळ साडेतीन लिटर मिक्सर पितो. गाडीच्या खात्यावर पडतात ते दोन, तेही चौदा हा रिकाम्या गाडीचा आकडा कंपनीनं छापला असेल तर. म्हणून माहितीपत्रक आधी शोधून काढा आणि त्यातला आकडा कोणत्या मॉडेलचा आहे ते बघा.

मिक्सरच्या साडेतीन लिटरांसाठी मात्र दुसरा माणूस जबाबदार धरता येतो, तो म्हणजे विक्रेता. माल कशासाठी हवा हे ग्राहकानं सांगितलं आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून खरेदी केली, तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे, असं १९३०च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ सांगतं. त्याला अपवाद आहे: गाडीचं नाव घेऊन 'हेच मॉडेल द्या' म्हणत घेतली असेल तर ही गर्भित, म्हणजे न लिहिता धरली जाणारी अट लागू होत नाही, आणि शोरूम तेच म्हणणार. तिथं तुम्हाला तारतो तो व्हॉट्सॲप मेसेज. तो गर्भित नाही, लेखी शब्द आहे. शिवाय मिक्सरचा उल्लेख त्यांनीच केलाय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मालाबद्दल खोटी माहिती देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉटची झेरॉक्स काढून फोन मुलाला गेम खेळायला देणारे अशील मी पाहिलेत.

आता खरी अडचण, जिथं अशा बऱ्याच तक्रारी अडकतात. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक हा कायद्यानं 'ग्राहक' नसतो. अपवाद एकच: केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी ती घेतली असेल तर. सर्वोच्च न्यायालयानं १९९५च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात हा फरक समजावला आहे. स्वतः चालवून त्यावर जगणारा टॅक्सीवाला ग्राहक ठरतो. हाताशी एकदोन माणसं असली म्हणून तो हक्क जात नाही. तुम्ही स्वतः गाडी चालवता की पगारी ड्रायव्हर ठेवलाय? एकच पिकअप आहे की आणखी गाड्या फिरतात? चिठ्ठीत हे नाही. स्वतः चालवत असाल तर ते तक्रारीच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहा. सेंट्रिंगची टोळी, दोन ड्रायव्हर, जीएसटीची बिलं असा पसारा असेल तर ग्राहक आयोगाचा नाद सोडून दिवाणी दाव्याचा विचार करावा लागेल, हे आत्ताच सांगतो.

बिलावरच्या छापील ओळीला घाबरू नका. २०१९च्या कायद्यानं तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. तुम्ही राहता निपाणीत, म्हणजे बेळगाव जिल्हा आयोग. शोरूमवाले कोल्हापूरहून येतील. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तुमच्या पिकअपला त्याची वाट बघावी लागत नाही. मात्र शोरूमची मराठी कागदपत्रं असतील तर त्यांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा.

पुरावा आत्तापासून तयार करा. एकाच पंपावर, ऑटो कट होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, मिक्सर न जोडता महामार्गावर गाडी पळवा, पुन्हा त्याच पंपावर भरा आणि पावती जपा. मग हेच मिक्सर जोडून करा. दोन्ही वेळा हजर राहण्याचं लेखी आमंत्रण शोरूमला द्या. ते येणार नाहीत, पण आमंत्रणाची पोच कामाला येते. पुढं तज्ज्ञाकडून तपासणीची मागणी करा. केरळात त्रिशूर जिल्हा आयोगानं २०२२ मध्ये एका डिझेल कारच्या मालकाला तीन लाखांवर भरपाई दिली, ती याच जोरावर: जाहिरातीत ३२ आणि तज्ज्ञाच्या चाचणीत १९.६. राष्ट्रीय आयोगानंही जानेवारी २०२४ मध्ये मायलेजच्या फसव्या जाहिरातीपोटी एका कारमालकाचे एक लाख रुपये कायम केले. दोन्ही प्रकरणांत पैसे मिळाले. नवी गाडी मिळेल ही आशा तुम्हीही धरू नका.

एक गोष्ट न विचारता सांगतो. मिक्सरचा हूक कुणी बसवला, गॅरेजवाल्यानं वेल्डिंग करून? गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, कारण वॉरंटी नाकारायला कंपनी तेच पान उघडेल. शिवाय मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा 'मोटार वाहन' आहे, त्याला नोंदणी आणि विमा लागतो. तुमचं मिक्सर त्यात मोडतं का यावर वाद घालता येईल, पण रात्री मागून कुणी दुचाकीस्वार धडकला तर तो वाद विमा कंपनी तुमच्याशी घालेल. निदान मागं लाल रिफ्लेक्टर तरी लावा.

मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे तुमच्याकडं वेळ आहे. आधी शोरूम आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टानं नोटीस द्या. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर ते एकमेकांकडं बोट दाखवत बसतील. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला फी फक्त २०० रुपये आहे आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. आणि रागाच्या भरात बँकेचे हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे, ॲव्हरेजशी नाही. केस चालू असताना गाडी ओढून नेली तर तज्ज्ञाला तपासायला काय दाखवणार?