पहिली चूक क्षणाची, दुसरी ठरवून केलेली
वाचकांचे प्रश्न : कादंबरीलेखन

प्रश्न : माझ्या कादंबरीचा नायक बारा वर्षांचा आहे. वर्गातल्या पैशांच्या चोरीचा आळ त्याच्या जिवलग मित्रावर येतो. खरं काय ते नायकाला माहीत असतं, तरी तो गप्प बसतो. खर्डा वाचणाऱ्या तिघांनीही सांगितलं, की इथून पुढे या मुलाचं काही का होईना, आम्हाला सोयरसुतक नाही. त्याचं वागणं थोडं सौम्य करू का?

उत्तर : मुळीच नको. वागणं सौम्य केलंत, तर उरलेली दोनशे पानं तो कशासाठी तळमळतोय हा प्रश्न पडेल. वाचकाचं मन उडतं ते बहुधा कृत्यामुळे नाही, तर त्यामागची भूक आधी दिसलेली नसते म्हणून. खालेद हुसैनींच्या 'द काइट रनर'मध्ये (२००३) नायक आमिर हा त्याच्या घरच्या नोकराच्या मुलाला, म्हणजे जिवलग सोबती हसनला, गल्लीत गुंड पोरांच्या तावडीत एकटं टाकून पळतो, ते २५ पैकी सातव्या प्रकरणात. वडिलांच्या एका शाबासकीसाठी हा मुलगा किती आसुसलाय, हे तोवर आपल्याला पुरतं कळून चुकलेलं असतं. त्याचं पळणं पटत नाही, पण समजतं.

तुमचा प्रसंग तीन बाजूंनी तपासा. खरं काय ते नायकाला पक्कं माहीत आहे का? बोलायला त्याला वेळ आणि वाट होती का? आणि गप्प बसून त्याच्या पदरात काय पडलं? खर्ड्यांत हा तिसरा मुद्दाच हमखास गळतो. शिक्षकांच्या धाकाने गप्प बसला, तर तो नुसता भित्रेपणा. मित्र बाजूला झाल्यावर संघातली जागा आपल्याला मिळणार हे माहीत असताना गप्प बसला, तर तो विश्वासघात.

वेळही कागदावर दिसू द्या. 'आणखी कुणाला काही सांगायचंय?' असं शिक्षकांनी विचारावं आणि त्यानंतर चार-पाच ओळी कुणीच बोलू नये. त्या ओळींत नायकाच्या मनात शिरू नका. तो कुठे बघतोय तेवढं लिहा : मित्राच्या बुटाची सुटलेली नाडी, ती बांधायला वाकलेला मित्र, आणि वर बघताना त्याने आधी नायकाकडेच बघणं. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी असेल, तर हा प्रसंग सोळा ते वीस हजारांच्या दरम्यान यावा. त्याआधी आला तर मैत्री मुरलेली नसते, फार पुढे गेला तर परिणामांना जागा उरत नाही.

प्रश्न : विश्वासघातानंतरची सात प्रकरणं एकसुरी झाली आहेत. नायिकेला पश्चात्ताप होतो, झोप लागत नाही, मन खातं, पुन्हा झोप लागत नाही. यातून बाहेर कसं पडू?

उत्तर : कारण सरळ आहे. सात प्रकरणं ती फक्त वाटून घेतेय, करत काहीच नाही. अपराधी माणूस, त्यातही वयात येणारं पोर, रडत बसण्यापेक्षा कामाला लागतं, आणि ते काम बहुतेक वेळा वाईट असतं. जिचा घात केला तिची रोजची नजर सोसवत नाही, म्हणून तिलाच डोळ्यांआड करायचं. ही दुसरी चूक तुमच्या खर्ड्यात नाही, म्हणून गाडी रुतली आहे.

पुन्हा 'काइट रनर'च बघा. गल्लीतल्या प्रसंगानंतर आमिर हसनवर डाळिंबं फेकतो आणि मला उलट मार म्हणून डिवचतो. त्याला शिक्षा हवी असते. हसन एक डाळिंब उचलतो आणि स्वतःच्याच कपाळावर फोडतो. शिक्षा मिळत नाही म्हटल्यावर आमिर वाढदिवसाला मिळालेलं घड्याळ आणि पैसे हसनच्या गादीखाली ठेवतो. गल्लीतलं पळणं भीतीपोटी होतं, गादीखालचं घड्याळ थंड डोक्याने ठेवलेलं आहे. कादंबरीतला खरा विश्वासघात आमच्या मते हा दुसरा. पुढची खोच तर जबरदस्त : चोरी हेच एकमेव पाप असं मानणारे बाबा, म्हणजे आमिरचे वडील, हसनने न केलेली चोरी कबूल करताच त्याला क्षमा करून टाकतात. आमिरचा डाव फसूनही साधतो, कारण हसन आणि त्याचे वडील अली घर सोडून जातातच.

तेव्हा सातांतली तीन प्रकरणं काढा. उरलेल्या चारांत नायिकेच्या हातून क्रमाने काहीतरी घडू द्या. आधी टाळाटाळ : वाट बदलणं, मैत्रीण समोर येताच घाई आठवणं. मग भरपाईचा अतिरेक : न मागता वही देणं, नको तितकं गोड बोलणं. मग चिडचीड, तीही मैत्रिणीच्या चांगुलपणावर. आणि मग ती दुसरी, ठरवून केलेली चूक. 'मन खात होतं' हे शब्द अख्ख्या हस्तलिखितात एकदा आले तरी पुष्कळ.

एक बारकावा. 'मी वाईट केलं' आणि 'मी वाईट आहे' या दोन भावना वागण्यात वेगळ्या दिसतात. पहिलीत माणूस दुरुस्तीकडे वळतो, दुसरीत तोंड लपवतो, नाहीतर समोरच्यावर उखडतो. कादंबरीचा मधला भाग दुसरीत जातो, शेवट पहिलीकडे सरकतो. तुमची नायिका दुसऱ्याच प्रकरणात माफी मागायला निघाली आहे. ती फारच लवकर शहाणी झाली!

प्रश्न : निवेदक चाळिशीतला, घटना तेराव्या वर्षीच्या. मुलाचा आवाज मध्येच प्रौढ होतो, असं सगळे म्हणतात.

उत्तर : दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. मुलाने पाहिलेलं-ऐकलेलं एका रंगाने अधोरेखित करा, प्रौढाचं भाष्य दुसऱ्याने. विश्वासघाताच्या प्रसंगात दुसरा रंग दिसताच कामा नये. तिथे प्रौढ बोलला, की तो वकिली करतोय असं वाटतं. प्रकरणाच्या सुरुवातीला किंवा अखेरीला त्याला दोन-तीन वाक्यं द्या. 'तेव्हा मला कळलं नाही, पण' या वळणाची वाक्यं शोधून काढा आणि निम्मी तरी उडवा. घटना घडली हे मात्र पहिल्याच प्रकरणात सूचित करा. काय घडलं ते राखून ठेवता येतं, काही घडलं हेच लपवलं तर निवेदक लबाड ठरतो.

प्रश्न : शेवटच्या प्रकरणात मित्र नायकाला माफ करतो आणि दोघे रडतात. संपादकांनी 'स्वस्त' असा शेरा मारला. मित्र मेलेला दाखवला तर?

उत्तर : मग मित्राला बोलायची संधीच गेली, आणि नायकाची सोय झाली. आधी हे बघा, की क्षमा आणि परिमार्जन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा मित्राच्या हातात, परिमार्जन नायकाच्या. क्षमा न मिळताही परिमार्जन होऊ शकतं, आणि कादंबरीला ते जास्त मानवतं. त्याची किंमत मात्र मूळ लाभाशी जुळायला हवी. गप्प बसून संघातली जागा मिळाली असेल, तर खरं सांगताना त्या जागेवर उभं राहिलेलं काहीतरी जायला हवं : नाव, नोकरी, वडिलांच्या डोळ्यांतला मान. अपघातात नायक जखमी झाला म्हणजे हिशेब मिटला, असं होत नाही, कारण ती किंमत त्याने स्वतः मोजलेली नसते.

'काइट रनर'मध्ये हसन जिवंत नाही. आमिर त्याच्या मुलाला, सोहराबला, सोडवून आणतो, पण पुन्हा अनाथाश्रमात पाठवणार नाही हा शब्द त्याला पाळता येईनासा होतो आणि पोर जीव द्यायला निघतं. परिमार्जन करतानाच पुन्हा वचन मोडण्याची वेळ येते, म्हणून ते खरं वाटतं. त्या कादंबरीत एक उणीवही आहे : हसन इतका निर्मळ रंगवलाय, की तो कधी चिडतच नाही. तुमच्या मित्राला ती शिक्षा देऊ नका. नायकाशी ज्याचा काडीचाही संबंध नाही, असा एक तरी प्रसंग त्याला द्या, आणि मधल्या वर्षांत त्याचं जे नुकसान झालं ते नेमकं लिहा : शाळा सुटली का, घरच्यांनी विश्वास ठेवला का.

प्रश्न : प्रेमकथेचा शेवट सुखाचा केला तर पश्चात्तापाचा भाग पातळ होईल का?

उत्तर : दोन्ही एकाच प्रसंगात उरकले तर होईल. डिकन्स यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीचा शेवट त्यांचे कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटन यांच्या सांगण्यावरून बदलून सुखाकडे झुकवला गेला, पण बदल झाला तो नायक पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या एस्टेलाच्या भेटीत. ज्याने पिपला लहानाचं मोठं केलं आणि ज्याची पुढे पिपला लाज वाटू लागली होती, तो जो नावाचा लोहार, पिप आजारी असताना त्याचं १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्सचं कर्ज गुपचूप फेडून निघून जातो. त्याची माफी पिप ५९ पैकी ५८व्या प्रकरणात मागतो, आणि ते पैसे कमावून परत करेन असंही सांगतो. म्हणजे शेवटच्या प्रकरणात काहीही फिरवलं, तरी जोचा हिशेब आधीच मांडून झालेला आहे. तुमच्या नायिकेलाही मैत्रिणीच्या दारात आधी जाऊ द्या, लग्नाचं नंतर बघा.