मी कामाला गेलो की आमचा कुत्रा रडतो, दार कुरतडतो. सोबत म्हणून दुसरा कुत्रा आणू का?

पहिलं सांगतो, तुमच्या कुत्र्याला माज आलेला नाही, त्याला एकटं राहायची धास्ती आहे. हा शब्द घरात ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही फोंड्याचे. आमचा कुत्रा काळू 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आला, तेव्हा घरात सतत कोणीतरी असायचंच. मग माझं पणजीचं ऑफिस सुरू झालं आणि आठवड्याभरात त्याने पुढच्या दाराची चौकट वीतभर कुरतडली, हिरड्यांतून रक्त. दादा म्हणाला माज आलाय, दोन रट्टे घाल. मी घातले. सकाळी केलेल्याला संध्याकाळी मार, त्याला काय कळणार? तो उभ्या जागी मुतला. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्या दिवशी जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून गेलो. स्कूटरचा आवाज लांब गेला तसा तो दाराशी, धापा, लाळेने फरशी ओली, मग रडणं, आणि बांगडा कुस्करलेला भात तसाच ताटलीत. मी परतलो तेव्हा एका दमात साफ! दादाला व्हिडिओ दाखवला तर म्हणे नाटकं. अरे, घरात कोणी नसताना नाटक कोणासाठी?

चवथीला सगळे साखळी गावच्या घरी गेले, दादा म्हणाला बांधून ये, मी गेलोच नाही, काळूजवळ थांबलो. त्यावरून अजून बोलणं जेमतेमच आहे.

आम्ही केलं ते असं, किल्ल्या उचलायच्या आणि परत बसायचं, हेल्मेट घालून घरातच फिरायचं, म्हणजे त्या आवाजांची धास्ती जाते. मग दाराबाहेर दहा सेकंद, वीस, मिनिट, तो घाबरायच्या आत परत. हे चालू असताना त्याला खरंच एकटं सोडायचं नाही, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात, शेजारची काकी येऊन बसायची म्हणून जमलं. तीन महिने लागले. डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटीन, म्हणजे धास्ती कमी करायची गोळी, पण दिली होती, तिचा गुण यायला काही आठवडे जातात आणि नुसत्या गोळीने भागत नाही.

दुसरा कुत्रा आणू नका, त्याला सोबत नको असते, तुम्ही हवे असता. काहींना फरक पडतो, नाही असं नाही, पण त्या भरवशावर आणू नका. आणि सगळ्यांनाच गोळ्या लागत नाहीत, कुत्रा म्हातारा असेल किंवा घरात मुतत असेल तर आधी तपासून घ्या.

पण बांधू नका, पिंजऱ्यात कोंडू तर अजिबात नका, सुटायच्या धडपडीत दात नखं मोडून घेतात. दादा, वाचत असशील तर हे तुलाही.