अपेंडिक्स फुटेपर्यंत निदान का होत नाही?

भावाला दोन दिवस गॅसची औषधं दिली आणि तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलेलं निघालं, 'आमचं कुठे चुकलं' असं तुम्ही विचारलंय. मी सर्जन आहे. तुमचा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण घरचे लोक यात स्वतःला फार दोष देतात. पहिल्या दिवशी हा आजार ओळखणं खरंच अवघड असतं.

सुरुवातीला दुखतं ते बेंबीभोवती. आतड्याच्या नसांना दुखण्याची नेमकी जागा सांगता येत नाही. अपेंडिक्सची सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की दुखणं उजवीकडे खाली सरकतं. त्याला काही तास लागतात, कधी पूर्ण दिवस. त्याआधी पोट तपासलं तर ते मऊ लागतं. पेशंटला जरा मळमळ असते, जेवण नको असतं. गॅस, ॲसिडिटी यातही हेच असतं.

त्यात अपेंडिक्स प्रत्येकाचं एकाच जागी नसतं. मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असेल तर पुढून दाबल्यावर फारसं दुखत नाही, दुखणं कमरेकडे जातं. खाली ओटीपोटात लोंबत असेल तर सूज गुदाशयाला आणि मूत्राशयाला लागते. मग थोडं थोडं जुलाबासारखं होतं, सारखी लघवीला लागते. लघवीच्या रिपोर्टमध्ये पू-पेशीही दिसू शकतात आणि लघवीचं इन्फेक्शन म्हणून औषध सुरू होतं. बायकांमध्ये बीजकोशाच्या गाठीची शंका येते. गरोदरपणात वाढलेल्या गर्भाशयामुळे दुखण्याची जागा वर सरकू शकते. लहान मुलाला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये निदान होईपर्यंत पुष्कळदा अपेंडिक्स फुटलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा ताप येत नाही, दुखणंही बेताचंच असू शकतं.

रिपोर्टनेही फसायला होतं. पांढऱ्या पेशी सुरुवातीला नॉर्मल असू शकतात. सोनोग्राफीत 'अपेंडिक्स दिसलं नाही' असं लिहून येतं आणि घरचे ते 'अपेंडिक्स ठीक आहे' असं वाचतात. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. शंका राहिली तर सीटी स्कॅनमध्ये बरंच स्पष्ट होतं.

शिकाऊ असतानाचा एक तरुण पेशंट मला अजून आठवतो. रात्रभर कण्हत होता, पहाटे म्हणाला, "डॉक्टर, आता बरं वाटतंय, घरी जाऊ का?" मला हायसं वाटलं. पण नाडी 120 होती, आणि पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखं कडक. अपेंडिक्स फुटल्यावर आतला दाब उतरतो आणि थोडा वेळ आराम पडतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी नाडी बघायच्या आधी मी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता. ऑपरेशनमध्ये पोटभर पू निघाला.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की उशीर बहुतेक वेळा पहिल्या तपासणीत होत नाही, दुसरी तपासणी न झाल्यामुळे होतो. पहिल्यांदा 'गॅस' म्हणणं समजू शकतो. पण सहा-आठ तासांनी तेच पोट पुन्हा हाताने तपासायला हवं, आणि परत कधी यायचं हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगायला हवं. तुमच्या भावाच्या बाबतीत बहुधा हेच राहून गेलं. दुखणं आधी आणि उलट्या नंतर, चालताना किंवा खोकताना पोटात कळ, जागा उजवीकडे सरकणं, हे दिसलं तर गोळी बदलत बसू नये, सर्जनला दाखवावं. वेदनाशामकाला मात्र घाबरू नका. त्याने निदान झाकलं जातं ही जुनी समजूत आता टिकलेली नाही. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकने मात्र लक्षणं दबतात आणि चित्र धूसर होतं.

भाऊ घरी आल्यावर पुन्हा ताप चढला, पोट फुगलं किंवा सारखं थोडं थोडं शौचाला होऊ लागलं, तर आत पू साठलाय का ते बघावं लागतं. त्याच दिवशी घेऊन जा.