ऑफिसातले इंग्रजी : नामे येतात, क्रियापदे अडतात

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात मराठी माध्यमातून शिकले आणि आता चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते. इंग्रजी मेल वाचून समजतात. पण आठवड्याच्या बैठकीत बोलायची वेळ आली की मी आधी मराठीत वाक्य जुळवते, मग त्याचे इंग्रजी करते आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. रोज दहा नवे शब्द पाठ करावेत, असे मैत्रीण सुचवते. त्याचा उपयोग होईल का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : नव्या शब्दांची तुम्हाला फारशी गरज नाही, असे मी ठामपणे सांगेन. तुमच्या विभागात दिवसभर चालणारे मराठीच एकदा लक्ष देऊन ऐका. ‘पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे खरेदीचा आदेश) काढला का?’, ‘व्हेंडरला मेल टाक’, ‘उद्या सकाळी मीटिंग लावू’, ‘सिस्टीममध्ये एन्ट्री मार’, ‘मी शुक्रवारी लीव्ह टाकली आहे’. यांतली कामाची नामे इंग्रजीच आहेत आणि ती तुम्हाला पक्की ठाऊक आहेत. गाडी अडते ती काढणे, टाकणे, लावणे आणि मारणे या क्रियापदांपाशी, कारण त्यांचा शब्दशः अर्थ घेऊन इंग्रजी वाक्य उभे राहत नाही. म्हणून वहीत सुटा शब्द न लिहिता नाम आणि त्याच्याबरोबर येणारे क्रियापद अशी जोडी लिहा. पीओ आणि इन्व्हॉइस ‘रेज’ करतात, मीटिंग ‘सेट अप’ करतात, एन्ट्री ‘मेक’ करतात आणि रजेसाठी ‘अप्लाय’ करतात. ‘आय हॅव रेज्ड द पीओ, अँड आय विल फॉलो अप विथ द व्हेंडर टुमॉरो’ हे वाक्य अख्खे तोंडात बसले, की त्यातला पीओ बदलून इन्व्हॉइस घालणे अगदी सोपे जाते.

खरेदी विभागात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘पर्यंत’ या शब्दाचा, आणि त्यातून गैरसमज होऊ शकतो म्हणून तो जरा सविस्तर सांगते. ‘शुक्रवारपर्यंत माल देतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबतो’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी ‘बाय फ्रायडे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘टिल फ्रायडे’ असे म्हणावे लागते. काम एका मुदतीच्या आत पुरे होणार असेल तर ‘बाय’, आणि एखादी स्थिती त्या दिवसापर्यंत सलग चालू राहणार असेल तर ‘टिल’. ‘वुई विल डिलिव्हर टिल फ्रायडे’ असे बोललात, तर माल शुक्रवारपर्यंत रोज येत राहील, असा अर्थ समोरचा घेऊ शकतो. ‘पासून’चेही असेच आहे. ‘दोन वर्षांपासून’ म्हणताना कालावधी सांगायचा असतो, म्हणून ‘फॉर टू इयर्स’. सुरुवातीचे साल सांगायचे असेल, तर ‘सिन्स २०२३’. त्याआधीचे क्रियापदही सांभाळावे लागते. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण योग्य वाक्य ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’ असे आहे.

राहिला प्रश्न बैठकीचा. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. त्याआधी ते पाचवीपासून असे. सुरुवात केव्हाही झाली असली, तरी आपल्यापैकी बहुतेकांचा सराव धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे लिहिण्याचाच झाला. दुसऱ्याचे बोलणे चालू असताना नम्रपणे मध्ये कसे शिरायचे, हे आपल्याला कोणी शिकवलेच नाही, आणि हा दोष तुमचा नाही. त्यासाठी थोडी तयार वाक्ये जवळ असू द्या. बोलायचे असेल तर ‘कॅन आय ॲड समथिंग हिअर?’, विषय पुढे गेला असेल तर ‘कुड वुई गो बॅक टू द लास्ट पॉइंट?’, आणि उत्तर हाताशी नसेल तर ‘लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू’. ही वाक्ये घरी मोठ्याने म्हणा, कारण नुसती वाचलेली वाक्ये ऐन वेळी जिभेवर येत नाहीत.

प्रश्न : परदेशातील एका सहकाऱ्याला मी ‘प्लीज सेंड मी द रिपोर्ट टुडे अँड डू द नीडफुल’ असे लिहिले. माझी भाषा हुकमी वाटते, असे त्याने माझ्या वरिष्ठांना कळवले. मी तर ‘प्लीज’ म्हटले होते. माझे काय चुकले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मनात आदर होता, तो इंग्रजी वाक्यात उतरला नाही. मराठीत ‘पाठव’चे ‘पाठवा’ केले की आदर आला, ‘जरा पाठवाल का’ म्हटले की विनंती आली. क्रियापदाचे रूपच ते काम करते. इंग्रजी आज्ञार्थाला असे आदरार्थी रूप नाही, त्यामुळे ‘प्लीज’ जोडले तरी ‘सेंड’ ही सूचनाच राहते, आणि बरोबरीच्या सहकाऱ्याला ती खटकते. तिथे विनंती प्रश्नाच्या रूपात करतात : ‘कुड यू सेंड मी द रिपोर्ट बाय एंड ऑफ डे? आय नीड इट फॉर टुमॉरोज रिव्ह्यू.’ घाईचे कारण सांगितल्याने वाक्य आणखी सौम्य होते.

‘डू द नीडफुल’ हा जुन्या ब्रिटिश कारभाराच्या भाषेतला प्रयोग आपल्या कार्यालयांत टिकून राहिला आहे. इथल्या वाचकाला तो बरोबर कळतो, त्यामुळे त्याला अशुद्ध ठरवून हिणवणे मला मुळीच मान्य नाही. मात्र नेमके काय करायचे हे त्यातून परदेशी सहकाऱ्याला कळत नाही, म्हणून त्याला अपेक्षित कृती स्पष्ट लिहावी. ‘उत्तर कळवा’ या अर्थाने आपण लिहितो त्या ‘रिव्हर्ट’चा तिकडे पूर्वस्थितीला जाणे असाच अर्थ आधी घेतला जातो, त्यामुळे ‘रिप्लाय’ लिहावे. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) इथे खुशाल वापरा. तिकडच्यांसाठी ‘कॅन वुई मूव्ह द मीटिंग टू अॅन अर्लियर टाइम?’ असे विचारा.

प्रश्न : आमच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात बाहेरून इंग्रजीत फोन येतात. नाव कसे विचारावे आणि साहेब जागेवर नसतील तर काय सांगावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ‘आपण कोण?’ हा मराठीत सभ्य प्रश्न आहे, परंतु ‘हू आर यू?’ फोनवर उर्मट वाटते. ‘मे आय नो हूज कॉलिंग?’ असे विचारावे. साहेब नसतील तर ‘ही इज नॉट ॲट हिज डेस्क राइट नाऊ. कॅन आय टेक अ मेसेज?’ एवढे पुरे. नाव किंवा गाडीचा नंबर नीट ऐकू आला नाही, तर अंदाजाने लिहून घेऊ नका. ‘कुड यू स्पेल दॅट फॉर मी, प्लीज?’ असे विचारा आणि लिहिलेले त्यांना एकदा वाचून दाखवा.