वाचकांचे प्रश्न : राष्ट्रीय ज्युनियर गोल्फला उतरताना

प्रश्न (पालक, फोंडा) : मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याला इंडियन गोल्फ युनियनच्या राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत उतरवायचं आहे. सराव रिसॉर्टच्या नऊ होलच्या छोट्या कोर्सवर होतो. तिथं मुलं एकमेकांचे जवळचे पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, होलकडे ढकलायचे फटके) न मारताच पडले असं धरून सोडून देतात. तयारीत काय बदलावं?

उत्तर : पट सोडणं आजपासून बंद करा. मॅच प्लेमध्ये (एकास एक, होलवार जिंकायचा खेळ) प्रतिस्पर्ध्याला पट सोडता येतो, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायचा खेळ) तो अधिकार कुणालाच नाही. बॉल होलमध्ये पडेपर्यंत प्रत्येक फटका मोजला जातो. सवयीनं मार्क न करता (जागेवर खूण न ठेवता) बॉल उचलला तर एक फटक्याचा दंड बसतो, आणि बॉल जागेवर ठेवून पट पूर्ण करावा लागतो. तसं न करता पुढच्या टीवरून (होल सुरू करायच्या जागेवरून) फटका मारला की मुलगा स्पर्धेतून बाद. म्हणून सरावाच्या शेवटी होलच्या चार बाजूंना एकेक मीटरवर चार बॉल ठेवायला सांगा. चारही पडले की दीड मीटरवर जायचं. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पाय दमल्यावर हे करण्यातच अर्थ आहे, कारण शेवटच्या चार-पाच होलवर नेमके हेच पट हुकतात.

छोट्या कोर्सची दुसरी अडचण ड्रायव्हर आणि लांबच्या आयर्नची. लांब फटक्यांचे हे क्लब (काठ्या) बॅगेतच राहतात. शिवाय उन्हाळ्यात आपली जांभ्याची जमीन इतकी कडक होते की बॉल पडल्यावर बराच घरंगळतो, आणि मुलाला वाटतं आपल्या सात नंबरच्या आयर्नचा फटका फार लांब जातो. पाणी दिलेल्या मऊ कोर्सवर तोच शॉट ग्रीनच्या अलीकडे, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पडतो. तेव्हा बॉल कुठं थांबला ते न पाहता कुठं पडला ते मोजा आणि प्रत्येक क्लबचं हवेतलं अंतर वहीत लिहा. नऊ होल सलग दोनदा, पायी, स्वतः बॅग उचलून, लागोपाठ तीन दिवस खेळू द्या. स्पर्धेआधी एकदा तरी पूर्ण १८ होलचं कोर्स हवंच. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं आहे, पण बाहेरच्यांना खेळता येईल का ते आधी फोन करून विचारा. वयोगट आणि प्रवेशाची मुदत त्या वर्षीच्या सूचनेतच पाहा.

प्रश्न (वाचक, इयत्ता दहावी, डिचोली) : माझा ड्राइव्ह (टीवरचा पहिला लांब फटका) झाडीत गेला. 'आणखी एक मारतो' असं सांगून मी टीवरून दुसरा बॉल मारला. पुढे पहिला सापडला, म्हणून तोच खेळलो. मार्कर (माझं कार्ड लिहिणारा) म्हणाला, चूक. का?

उत्तर : मार्करचं बरोबर आहे. 'प्रोव्हिजनल' (पहिला हरवला तर म्हणून मारलेला तात्पुरता बॉल) हा शब्द, किंवा तसा स्पष्ट अर्थ, तुझ्या बोलण्यात हवा होता. नुसतं 'आणखी एक' म्हटल्यामुळे दुसरा बॉल मारताक्षणी तोच खेळातला झाला, आणि टीवरून मारलेला तो, पहिला फटका आणि एक दंड धरून, तुझा तिसरा फटका ठरला. पहिला बॉल हा आता चुकीचा बॉल. तो खेळल्याबद्दल दोन फटके दंड, आणि पुढच्या टीआधी परत येऊन दुसरा बॉल खेळला नाहीस तर बाद.

पुढच्या वेळी 'प्रोव्हिजनल मारतो' असं मोठ्यानं म्हण, बॉलचा नंबर सांग. दोन्ही बॉलवर वेगळ्या खुणा कर, एकावर दोन लाल ठिपके, दुसऱ्यावर निळी रेघ. शोधायला तीनच मिनिटं मिळतात. तू किंवा तुझा कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) शोधायला लागला की वेळ सुरू. तेवढ्यात पहिला बॉल मैदानाच्या हद्दीत सापडला तर प्रोव्हिजनल सोडून द्यायचा. बॉल तळ्यात गेल्याची खात्रीच असेल तर मात्र प्रोव्हिजनल मारता येत नाही.

प्रश्न (एक आई, मडगाव) : बेरीज बरोबर होती, तरी मुलाच्या मित्राला कार्डावरून बाद केलं. हे कसं?

उत्तर : बेरीज समितीचं काम आहे. खेळाडूची जबाबदारी प्रत्येक होलच्या आकड्याची. एखाद्या होलवर पाच फटके झाले आणि कार्डावर चार राहिले, तर कार्ड देऊन झाल्यावर खेळाडू बाद होतो. चारच्या जागी पाच लिहिले गेले तर पाचच धरतात. स्वतःच्या लक्षात न आलेला दंड लिहायचा राहिला असेल तर बाद करत नाहीत, तो नंतर जोडतात. मार्कर दुसऱ्याच मुलाचं कार्ड लिहीत असतो आणि त्याचंही स्वतःच्या खेळाकडे लक्ष असतं, म्हणून दर होलनंतर दोघांनी आकडा मोठ्यानं बोलून जुळवावा. कार्ड देण्याआधी अठराही होल आठवून तपासावेत, मगच सही करावी.

प्रश्न (पेडणे) : टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) चुकला तर?

उत्तर : पाच मिनिटांच्या आत खेळायला तयार होऊन पोचला तर पहिल्या होलवर दोन फटके दंड. त्याहून उशीर झाला तर बाद.